आग विकणारे साईं

मी एकदा भर गल्लीत, पन्नासेक बायकांच्या देखत, एका भल्या माणसाला चोर म्हणाले. पुरावा म्हणून माझ्या एका हातात नानकटाईचा डबा होता आणि दुसऱ्या हातात वाण्याचा तराजू. वय अठरा, लग्नाला सात महिने, शिक्षण मॅट्रिक पास. यातलं शेवटचं सगळ्यात वाईट. अडाणी बाई चूक करते तेव्हा निदान हळू आवाजात करते. मी मॅट्रिक होते, त्यामुळं माझा आवाज शहागंजच्या घड्याळापर्यंत गेला.

थर्ड क्लासात का होईना, पास होते. खुलताबादच्या आमच्या सगळ्या खानदानात पहिली. लग्नाच्या बोलणीत वडिलांनी सोनं कमी केलं आणि मॅट्रिक पुढं केली. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "सोनं आसतं तर मोडता तरी आलं आसतं. हिचं काय करावं?" मला तो तेव्हा अपमान वाटला होता. आता वाटतं, बाईला पुढचं दिसत होतं.

ज्यांना चोर म्हणाले त्यांचं नाव मला कधीच कळलं नाही. गल्ली त्यांना साईं म्हणायची, कारण ते सगळ्या गल्लीला साईं म्हणायचे. भाजीवाल्याला साईं, पोलिसाला साईं. एकदा टांग्याचा घोडा अंगावर आला तर त्यालाही, "साईं, जरा बाजूला." निजामावरच्या पोलीस ॲक्शनला पाच-सहा वर्षं झाली होती. सिंधमधून निघालेली, मुंबई बंदरावर उतरलेली, कल्याणच्या कॅम्पात राहून मग चहूकडं पांगलेली माणसं तेव्हा आमच्या औरंगाबादेतही दिसायला लागली होती. कुणी खांद्यावर कापडाचे गठ्ठे घेऊन हिंडायचं, कुणी गोळ्यांच्या बरण्या मांडून बसायचं. त्यांना निर्वासित म्हणत. शब्द सरकारी होता, पण गल्लीला तो शिवीसारखा वापरायला फार दिवस लागले नाहीत.

साईं मात्र हातात घेता येईल असं काहीच विकत नव्हते. ते आग विकायचे.

शहागंजच्या मागं एक टांगेवाल्याचा मोकळा तबेला होता. तो त्यांनी भाड्यानं घेतला आणि आत विटांची, घुमटासारखी भट्टी बांधली. घोड्यांचा वास जायला तीन महिने लागले. तो गेलाच नाही, असं आत्याबाईंचं शेवटपर्यंत मत होतं. साईंना खरं म्हणजे बेकरी काढायची होती. पण ते कंट्रोलचे दिवस. मैदा आणि साखर कोट्यानं मिळायची, आणि मागच्या सालात जो जितका माल उचलेल तितका त्याचा कोटा. साईं अर्ज घेऊन गेले, तर कचेरीतल्या बाबूनं विचारलं, "मागल्या साली किती माल उचललात?"

"मागल्या साली मी कॅम्पात लायनीत उभा होतो साईं," ते म्हणाले. "लायनीत किती उभा होतो, ते लिहून देऊ?"

अर्ज परत आला. दुसरा परत आला. तिसरा परत आला तेव्हा साईंनी तिन्ही अर्जांची चूड केली आणि पहिल्यांदा भट्टी पेटवली. हे सगळं त्यांनीच सांगितलेलं. खरं-खोटं ती भट्टी जाणे. पण पुढचं मी स्वतः पाहिलं आहे. नळावर पाणी भरणाऱ्या बायकांपुढं जाऊन हा माणूस उभा राहिला आणि म्हणाला, "साखर माझ्याकडं नाय, तुमच्याकडं कार्डावर आहे. भट्टी तुमच्याकडं नाय, माझ्याकडं आहे. मग भांडण कशाचा? माल तुमचा, आग आमची."

तेव्हापासून दिवाळीला आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सगळी गल्ली पत्र्याचे डबे घेऊन तिकडं जायला लागली. आपलं पीठ, आपलं तूप, आपली साखर. तिथंच सतरंजीवर बसायचं, मळायचं, गोळे करायचे, पत्र्यावर मांडायचे. साईं फक्त भाजून द्यायचे. मजुरी पत्र्यामागं.

आता एका वेळी भट्टीत आठ घरांचे पत्रे. कुणाचं कुठलं कसं कळावं? कागदाची चिठ्ठी लावली तर जळते. म्हणून साईंनी कायदा केला: प्रत्येक घरानं आपली छाप ठरवायची आणि कच्च्या बिस्किटावर दाबायची. आमच्या घरची छाप ट्रंकेच्या किल्लीची. शेजारच्या मुसलमान मावशींची, ज्यांना सगळी गल्ली खाला म्हणायची, सुरमेदाणीच्या झाकणाची. शिवणकाम करणाऱ्या एका बाईची अंगुस्तानाची, म्हणजे शिवताना बोटात घालतात त्या टोपणाची. मास्तरांच्या घरची शाळेच्या पितळी बिल्ल्याची. त्यावरची अक्षरं नेहमी उलटी उमटायची. साईंनी कुणाचं नाव कधी लक्षात ठेवलं नाही. आम्ही सगळ्या त्यांच्या लेखी छापाच होतो. "ए चाबी! तुझा झाला!" असं ते भट्टीतून ओरडायचे, आणि मी, मॅट्रिक पास, पदर सावरत धावायची.

जिभेला हाड नव्हतं त्यांच्या. कुणी तूप कमी घातलं की पत्रा नाकाशी धरून म्हणायचे, "बाई, ह्यात तूप नाय. तुपाची याद आहे." पण हे फक्त ज्यांच्या घरी तूप असूनही हात आखडला जायचा त्यांना. ज्यांच्या घरी नव्हतंच, त्यांच्या पत्र्याबद्दल त्यांच्या तोंडून एक शब्द मी ऐकला नाही. अंगुस्तानवाली बाई ज्वारीचं पीठ आणि गूळ घेऊन यायची. तिचा पत्रा ते सगळ्यांच्या आधी, भट्टी सगळ्यात चांगली तापलेली असताना घालायचे. बायकांनी कुरकुर केली की "डाक्टरचा हुकूम आहे, तिला गूळच चालतो" म्हणून मोकळे. मजुरी मात्र तिच्याकडूनही पुरी घ्यायचे. मला ते फार खटकलं. मी तोंडावर म्हणाले, "साईं, तिच्याकडून तरी घेऊ नका."

"फुकट दिलं तर ती लाजेल," ते म्हणाले. "लाजली तर उद्या येणार नाय. मग माझं एक गिऱ्हाईक गेलं आणि तिचं बिस्किट गेलं. ह्यात कमाई कुणाची झाली, सांग मॅट्रिक?"

व्यवहार कुणाला दया दाखवतो आणि कुणाला इज्जत, हे आमच्या पुस्तकात नव्हतं.

भट्टीचा ताव बघायची त्यांची रीत न्यारी होती. खालांचे मालक उर्दू अखबार वाचून झाला की साईंकडं पाठवायचे. साईं तो भट्टीपुढं उकिडवे बसून, ओठ हलवत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचे. मग त्याचा एक तुकडा फाडून लांब दांड्याच्या फावड्यावर ठेवायचे आणि आत सरकवायचे. तुकडा किती वेळात तांबूस होतो त्यावर पत्रे आत घालायचे की थांबायचं ते ठरायचं. पण तुकडा फाडायचा तो फक्त जाहिरातीचा. ताकदीच्या गोळ्या, केसांचं तेल, हे सगळं भट्टीत जायचं. बातमीला हात लावायचे नाहीत. एकदा जाहिराती संपल्या, नुसत्या बातम्या राहिल्या, तर अख्खी गल्ली अर्धा तास पत्रे धरून बसली आणि साईं शेजारच्या दुकानात जुना कागद शोधत हिंडले. "खबर जाळायची नाय," ते म्हणाले. "कुणाची तरी असते."

आणखी एक. तबेल्याला लागून एक खोली होती. तिचंही ते भाडं भरायचे, पण झोपायचे भट्टीच्या ओट्यावर. खोलीला कुलूप. रोज सकाळी ते कुलूप काढायचे, झाडू मारायचे, सडा घालायचे आणि परत कुलूप लावायचे. आत काही नव्हतं. मी खिडकीतून डोकावून पाहिलं होतं. नव्या सुनेला एवढी चौकशी शोभत नाही, पण शोभेल असं मी त्या वर्षात काय केलं? आत्याबाई म्हणायच्या, "रिकामी खोली झाडतंय. डोस्कं फिरलंय त्याचं." मला वाटायचं, आत काहीतरी पुरलेलं असणार.

त्या दिवाळीत आत्याबाईंनी मला पहिल्यांदाच एकटीला भट्टीवर पाठवलं. दोन शेर मैदा, एक शेर साखर, एक शेर तूप, पाव शेर दूध. निघताना म्हणाल्या, "ध्यान ठेव गं. परका माणूस हाये."

एवढंच. पण मला अभ्यास दिला की मी तो जरा जास्तच करायची. भट्टीसमोरच्या वाण्याकडं थांबले, सगळं तोलून घेतलं. सव्वाचार शेर. आत गेले, मळलं, एकशेवीस नानकटाया वळल्या, एकशेवीस वेळा किल्ली दाबली. भाजून निघाल्या, गार झाल्या, मोजल्या. एकशेवीस. डबा भरला आणि परत वाण्याच्या तराजूत टाकला. पावणेचार शेर.

नग बरोबर, वजन कमी. शहाण्या माणसानं इथं थांबून विचार केला असता. मी विचार केला तो असा: हा प्रत्येक नानकटाई खालून खरवडतो!

बाहेर रांग होती. मी वाण्याचा तराजू उचलला, वाणी "अहो सूनबाई, अहो" करत राहिला, आणि मी भट्टीच्या दारात जाऊन उभी राहिले.

"साईं, अर्धा शेर कमी भरलं."

ते भट्टीच्या तोंडाशी वाकले होते. मागं न बघता म्हणाले, "आगीनं खाल्लं."

"काय?"

"आग खाते. सगळ्यांचं खाते, थोडं थोडं."

"आग नानकटाई खाती व्हय?" मी म्हणाले. "मग तिला म्हणावं, दिवाळीत आमच्या घरी ये फराळाला. चोरून कामून खाती?"

बायका हसल्या. खदखदून हसल्या. आणि हसणाऱ्या पन्नास बायका म्हणजे अठरा वर्षांच्या मुलीला हत्तीवरून साखर वाटल्यासारखं होतं. कुणीतरी विचारलं, "म्हंजे घेतं व्हय गं हे?"

"घेतं म्हंजे? सरळ चोर हाये. हे बघा वजन!"

साईंनी फावडं खाली ठेवलं. हात पुसले. डब्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "चाबी," ते म्हणाले, "तूच मांडला, तूच मोजला, तूच भरला. मी तर तुझ्या मालाला हात पण नाय लावला."

मी तेच पुन्हा, जास्त मोठ्यानं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बायका तराजू घेऊनच भट्टीवर गेल्या. जिचं बघावं तिचं कमी. खालांचं कमी, मास्तरांच्या घरचं कमी, अंगुस्तानवालीचंही कमी. हा तर पुरावाच झाला! एकीचं कमी भरलं असतं तर चूक म्हणता आली असती. सगळ्यांचं कमी म्हणजे ठरवून चाललेलं काम. तिसऱ्या दिवशी भट्टीपुढं रांग नव्हती. गल्लीनं घरोघरी शंकरपाळे तळायला घेतले. माझ्याकडं मात्र बायकांची रीघ. वाण्याचा तराजू आमच्याच घरी मुक्कामाला होता, आणि मी येईल त्याचं वजन करून द्यायची. काही नसलं की आत्याबाईंचा अडकित्ता तोलायची, ह्यांचे जोडे तोलायची. उजवा जोडा डाव्यापेक्षा जड निघाला. तेही मी ह्यांना ऐकवलं.

पाचव्या दिवशी खाला आल्या. दारातूनच सुरू.

"अगे ओ मॅट्रिक! जुबान है की कतरनी है तेरी? भट्टी ठंडी पडी ना!"

"मग चोरी करू नाय."

"वखारवाले ने लकडी बंद करा उसकी. बोला, इस शहर का जामीन लाव, तो देतूं. अब वो किधर से जामीन लाएगा? उसका कोन है इधर?"

लाकडाच्या वखारीचा मालक इतके दिवस साईंना आठवड्याचं लाकूड विश्वासावर द्यायचा. भट्टीपुढची रांग त्याला दुकानातून दिसायची, तोच त्याचा जामीन. रांग मोडली तसा विश्वास मोडला. गावातल्या माणसाचा विश्वास मोडायला दोन सालं दुष्काळ पडावा लागतो. बाहेरून आलेल्याचा एका तराजूनं मोडतो.

"मग दुसरं काही करतील," मी म्हणाले. जीभ अजून तोऱ्यातच होती.

"दुसरा क्या? बीवी और दो बच्च्यां कॅम्प में बैठे हैं उसके. ये दिवाली का धंदा हुआ की लाने जानेवाला था. वो कमरा कायकू झाडता रोज, मालूम नै तेरेकू? पूरे मोहल्ले कू मालूम है."

मला नव्हतं माहीत. मला वाटत होतं, तिथं काहीतरी पुरलंय.

तरी पटलं होतं असं नाही. वाईट वाटणं वेगळं आणि वजन वेगळं. अर्धा शेर गेला कुठं, हा प्रश्न तसाच होता.

त्याच दुपारी आत्याबाई भाकरी थापत होत्या. मी शेजारी बसून, हाताला चाळा म्हणून, पिठाचा गोळा तराजूत टाकला. बरोबर पाव शेर. त्यांनी तो थापला, तव्यावर टाकला, उलटला, निखाऱ्यावर फुगवला. मी भाकरी उचलून परत तराजूत टाकली.

"आत्याबाई, भाकर कमी भरली."

"मंग?"

"जवळजवळ छटाकभर कमी हाये."

आत्याबाईंनी तव्यावरची नजर काढली नाही. "चुलीपाशी आपुन दोघीच हाव. म्या तर नाय घेतली. तोंड उघड बरं तुझं."

आणि मी उघडलं हो! खरंच उघडून दाखवलं. मग पुढच्या भाकरीकडं लक्ष गेलं. ती टम्म फुगली, काठाला फुटली आणि तिथून पांढरी वाफ फुस्सकन बाहेर आली. मला परीक्षेतला प्रश्न आठवला. पाणी तापवले असता काय होते? मी अर्धं पान लिहिलं होतं. त्याला पुरे मार्क मिळाले होते. त्याच्याच जोरावर तर मी पास झाले होते.

"आत्याबाई... वाफ."

"काय वाफ?"

"पिठातल्या पाण्याची वाफ होऊन जाती. दुधाची बी. म्हणून वजन घटतं. पुस्तकात होतं हे."

"मंग इतके दिस कुठं व्हतं पुस्तक?"

त्यांनी तवा खाली उतरवला, हात धुतले, पदर खोचला. "ऊठ."

"कुठं?"

"गल्लीत बोललीस ना? गल्लीतच गिळायचं. घरात बसून गिळलं तर कुणाला दिसंल?"

पुढचा तासभर मी माझ्या नातवंडांनाही नीट सांगत नाही. खालांनी आपली शेगडी वाण्याच्या ओट्यावर आणून ठेवली. माझ्या हातात परात. नळावरच्या सगळ्या बायका गोळा झाल्या. मी गोळा तोलायची, भाकरी थापायची, भाजायची, परत तोलायची. आणि माझ्या भाकरीचा आकार कसा असायचा, तर निजामाच्या राज्याच्या नकाशासारखा. तीन भाकरी झाल्या, तिन्ही कमी. मी घसा साफ करून म्हणाले, "साईंनी काही घेतलं नव्हतं. पाणी उडून गेलं. मला कळायला पायजे होतं, कळलं नाही."

मागून एक बाई म्हणाली, "म्हंजे आमच्या चुलीत बी इतकी वर्सं चोर बसलाय व्हय!" आणि सगळ्या हसल्या. हसणं तेच होतं, पन्नास बायकांचं. फक्त ह्या वेळी हत्तीवर मी नव्हते, हत्तीच्या पायाखाली होते.

तिथून आम्ही भट्टीवर गेलो. भट्टी गार, राख काढलेली. साईं ओट्यावर पोस्टकार्ड घेऊन बसले होते. कुणाला लिहीत होते ते विचारायची गरज नव्हती, आणि काय लिहीत होते त्याचीही. मी समोर उभी राहिले.

"साईं, चुकलं माझं. भाकर बी कमी भरली."

त्यांनी टाक खाली ठेवला. "किती?"

"छटाकभर."

"अच्छा. तो अब सास को चोर बोलेगी?"

"बोलून तर बघ म्हणावं!" आत्याबाई मागून गरजल्या. साईंच्या मिशा हलल्या. ते हसले असावेत; नक्की सांगता येत नाही, मिशा दाट होत्या.

बायकांनी लगेच ठरवलं. दिवाळीला चार दिवस होते. "साईं, आम्ही घरोघरची लाकडं आणतो. भट्टी पेटवा."

साईं उठून उभे राहिले. एवढा उंच माणूस भट्टीपाशी तोवर आम्ही वाकलेलाच पाहिला होता. "माल तुमचा," ते म्हणाले. "लाकूड पण तुमचा. तो मग मी काय विकू? माझ्या मिशा?"

"अहो, अडचणीत..."

"नाय. आग माझी पाहिजे. फुकट लाकडावर बायको-मुली आणणार नाय मी."

आता ह्या माणसाशी कोण बोलणार? अंगुस्तानवाली बाई तोंडाला पदर लावून हसत होती. तिला ते पटलं होतं.

आत्याबाईंनी माझा हात धरला, तशीच फरफटत वखारीवर नेली. वखारवाला गादीवर लोळत होता. आत्याबाई म्हणाल्या, "त्या भट्टीवाल्याला लाकूड दे."

"जामीन आणू द्या मावशी. देतो ना."

"ही घे." आणि मला पुढं ढकललं.

वखारवाला इतका हसला की उठून बसला. "मावशी, बाईमाणूस जामीन? आन् ही? हिनंच तर त्याला चोर म्हणलं!"

"मंग? तिच्या म्हणण्यावर तू लाकूड बंद केलं ना? तिच्याच म्हणण्यावर चालू कर. सही करती ती. मॅट्रिक हाये." मॅट्रिक हा शब्द आत्याबाईंच्या तोंडून अभिमानानं निघालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. "आन् बुडालं, तर आमच्या घरातला पलंग हाये सागवानी. घेऊन जा. माझं पोरगं निजंल भुईवर."

वखारवाल्यानं कागद काढला. मी सही केली. आयुष्यात शिक्षणाचा पहिला उपयोग: नवऱ्याचा पलंग गहाण. संध्याकाळी ह्यांना कचेरीतच बातमी लागली होती. घरी येऊन टोपी काढायच्या आत विचारलं, "तू कुणाला जामीन राहिलीस म्हणं?" मी काही बोलायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "तुला राहिली आसती. पर तुझा काय भरवसा?"

गार पडलेली भट्टी तापायला दोन दिवस लागतात. उरलेल्या दोन दिवसांत साईंनी आणि गल्लीनं मिळून चार आठवड्यांचं काम केलं. सगळ्या आल्या असं नाही. दोघी-तिघी "काही का असंना, परका तो परकाच" म्हणत राहिल्या, आणि पुढं कित्येक वर्षं म्हणत राहिल्या. पण बाकीची गल्ली आली. मी सतरंजीवर मळायला बसले तर साईं भट्टीतून ओरडले, "चाबीचा पत्रा बाजूला ठेवा! तिला तोलायचा असेल!" पुढं ह्या विनोदावर ते बरीच वर्षं जगले. दर दिवाळीला तो नव्यानं सुचल्यासारखा करायचे. मी दर वेळी हसायची. दंड भरायचा तर हसत भरावा.

दिवाळीनंतर आठ-दहा दिवसांनी साईं आमच्या दारात आले. धुतलेला सदरा, तेल लावलेले केस. पिठाशिवाय मी त्यांना ओळखलंच नाही. हातात पिशवी होती, स्टेशनाकडं निघाले होते, कल्याणला. वखारीतून त्यांनी माझ्या सहीचा कागद सोडवून आणला होता, तो मला दिला. पलंग वाचला. मी तो कागद चुरगाळत उभी राहिले. बोलायचं खूप होतं, आणि बोलण्याचा माझा पूर्वेतिहास काही बरा नव्हता. शेवटी म्हणाले, "साईं, मी तुम्हाला चोर म्हणाले ना, ते मनातून काढून टाका."

त्यांनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. मग जे म्हणाले, ते जसंच्या तसं असं:

"नाय काढणार. आमच्या गावात मला कुणी चोर बोलला असता, तर दहा माणसं उठून त्याचा तोंड धरला असता. इथं चोर बोलायला पण तूच, आणि जामीन राहायला पण तूच. चला, ह्या गावात एक घर तर झाला."